तिसऱ्या पानावरचं रडू

मिनागावा शिओरीच्या निबंधाला जिल्ह्यात पहिला नंबर मिळाला. पण ते तुम्ही विसरा. मिळालाच नाही असं समजा. गेला महिनाभर शिओरीही तसंच समजत होती आणि तिला ते बऱ्यापैकी जमतही होतं. तेवढ्यात गावाच्या स्मृतिदिनाला तिला व्यासपीठावर उभं करून तोच निबंध वाचायला लावला.

सभागृहात ऐंशी खुर्च्या. पहिल्या रांगेत नगराध्यक्ष, शेजारी पंच्याण्णव वर्षांची यासुए आजी, आणि तिच्या शेजारी गावाचा शुभंकर बाहुला. गावात हातकागद बनतो, म्हणून कागदाच्या गुंडाळीचा वेश, वर हसरं डोकं, आत नगरपालिकेतला कारकून. मौन पाळताना बाहुल्याने डोकं काढायचं की नाही, यावर दोन बैठका झाल्या होत्या. काढायचं ठरलं. त्यामुळे एक मिनिट सगळं गाव युद्धात मेलेल्यांसाठी स्तब्ध उभं राहिलं, आणि घामाने निथळणारा कारकून स्वतःचं हसरं डोकं काखेत धरून.

मग शिओरीचं नाव पुकारलं.

पहिलं पान सरळ होतं. युद्धाचं शेवटचं वर्ष, मुलींची शाळा, अभ्यास बंद. मुली हातकागदाला कोन्याकूच्या कंदाची खळ लावून थरावर थर चिकटवायच्या. त्याचे मोठाले फुगे व्हायचे, फुग्यांना बॉम्ब बांधायचे, आणि वारा ते समुद्रापार अमेरिकेला न्यायचा. दुसरं पान भुकेचं. यासुए आणि तिच्या मैत्रिणी कुणी बघत नसलं की ती खळ चाटायच्या. इथे लोक हसले. निबंध तपासून देणाऱ्या ताशिरो सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "खळीला हसतील. हसू दे. मग तिसरं पान."

तिसरं पान सरांचं होतं. म्हणजे अक्षर शिओरीचं.

जूनमध्ये यासुए आजीने तिला घरी बोलावलं, पंख्यासमोर बसवलं आणि सांगितलं ते वेगळंच होतं. अमेरिकेत रानात सहलीला गेलेली मुलं एका फुग्याजवळ गेली आणि मेली. आजीला हे कळलं युद्ध संपल्यावर, वर्तमानपत्रात.

"मग काय वाटलं तुला?"

"पोचला, असं वाटलं," आजी म्हणाली. "आमचा फुगा पोचला की! ऊर अभिमानाने भरून आला गं. खाली मुलांची वयं होती, ती मग वाचली. पण आधी ऊर भरून आला." तिने पंखा बंद केला. "हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. तू लिही. जसंच्या तसं लिही. वचन दे."

शिओरीने वचन दिलं, आणि लिहिलंही तसंच. सरांनी वाचलं, चष्मा काढला, परत घातला.

"अगं, परीक्षक विचारतील, ही कसली आजी?"

"हीच आजी आहे, सर. पोस्टाच्या मागे राहते."

"ते झालंच. पण म्हातारं माणूस, बोलून गेलं असेल. आपण सांभाळून घ्यायचं असतं." आणि लाल पेनाने सरांनी आजीला रात्रभर रडवलं. एका चौकोनात एक अक्षर, अशा निबंधाच्या कागदावर रडू बरोबर एका ओळीत बसलं.

शिओरी नाही म्हणाली नाही. पहिल्या नंबराचा फोटो पेपरात येतो, हे तिला माहीत होतं.

आता आजी सहा पावलांवर होती, मान पुढे काढून ऐकत. खरं वाक्य शिओरीला पाठ होतं. तीन सेकंदांचं काम. पण प्रत्येकाच्या हातात छापील पुस्तिका होती आणि ऐंशी बोटं ओळीवरून सरकत होती. बोटं थांबली. तिच्यासाठी थांबली.

"'ती बातमी वाचून यासुए आजी रात्रभर रडल्या,'" शिओरीने वाचलं.

बोटं पुढच्या ओळीवर गेली. कुणीतरी नाक ओढलं. बाहुल्याने पुन्हा घातलेल्या डोक्यावरचे रंगवलेले डोळे पुसले. टाळ्या खूप झाल्या.

नंतर आजी काठी टेकत तिच्याकडे आली. शिओरी माफीसाठी कमरेत वाकली आणि वर यायचं तिने टाळलं.

"आजी, ते मी... सरांनी..."

"छान वाचलंस. बाई फार चांगली आहे हो ती."

"कोण बाई?"

"निबंधातली."

टोमणा असता तर शिओरीला बरं वाटलं असतं. पण आजीला खरंच तसं वाटत होतं. तिने दाराजवळच्या टेबलावरून 'सूचना व विनंत्या' असं छापलेला कागद उचलला, शिओरीसमोर ठेवला आणि पेन तिच्या हातात दिलं.

"माझा हात थरथरतो. मी सांगते, तू लिही."

शिओरी लिहायला बसली.

'शिक्षण विभाग यांस. आज वाचलेल्या निबंधातील वृद्ध महिलेचा पत्ता मिळावा. मीही त्याच शाळेत, त्याच टेबलाशी काम केले आहे. ती बातमी वाचून आधी रडू कसे येते, हे तिला विचारायचे आहे. अर्जदाराचे वय पंच्याण्णव असल्याने कार्यवाही शक्यतो लवकर व्हावी, ही विनंती.'