माझा खुनी

“खुनी कंपाउंडर निघाला आणि मी हादरलोच, सर! असा शेवट पुन्हा कुणी लिहिला नाही.” घरी आलेल्या वाचकाने माझी पन्नास वर्षांपूर्वीची रहस्यकथा पुढे केली. चिकटपट्टीने जोडलेली, पिवळी पडलेली प्रत. त्याला त्यावर सही हवी होती.

“कंपाउंडर नाही हो, वकील,” मी हसून म्हणालो. लोक काय वाट्टेल ते लक्षात ठेवतात.

त्याने शेवटचं पान वाचून दाखवलं. बेड्या कंपाउंडरच्याच हातात पडल्या.

मी पुस्तक त्याच्या हातातून ओढूनच घेतलं. दरमहा एक कादंबरी पाडायचो मी. छापून आलेली उघडून बघायला वेळ कुणाला होता? हस्तलिखित छापखान्यात पोचवायचं काम बायकोचं.

ती चहा घेऊन आली, तेव्हा मी तेच पान पुन्हा वाचत होतो. “अगं, हे...”

“तुमचा वकील दुसऱ्या प्रकरणातच खुनी म्हणून ओळखू येत होता,” कप ठेवत ती शांतपणे म्हणाली. “मग बदलला मी.”

“फक्त याच पुस्तकात ना?”

माझ्या कादंबऱ्यांनी खच्चून भरलेल्या कपाटाकडे तिने एकवार पाहिलं.

“चष्मा आणून देऊ? बरंच वाचायचंय तुम्हाला.”