मामा बसले ती दुपार

एक हिरवी गाडी. पुढच्या सीटसमोर लहान मुलीच्या बुटानं पडलेला चरा. मालकानं तो कधी बुजवू दिला नाही.

एक नाक. रंगाच्या कारखान्यात थिनरच्या वाफांनी ते कधीच कामातून गेलं. आता गुलाब आणि कांदा त्याला सारखेच.

काउंटरची लाकडी कड. आतल्या बाजूनं एकाच माणसाच्या पोटाला घासून गुळगुळीत झालेली.

अपघात विभागातली परिचारिका. वडिलांकडे येते ती टॅक्सीनं, जाते तीही टॅक्सीनं.

रविवारी दुपारी हे सगळं एका ठिकाणी आलं. कारखान्याच्या क्लबमधला बार त्या दिवसानंतर बंद होणार होता. गाडी आणि नाक निवृत्त फोरमनचं. परिचारिका त्याची मुलगी. काउंटरची कड सगळ्यांच्या मामांची. मामांनी तिथं वीस वर्षं लोकांचे ग्लास भरले, स्वतः थेंबही घेतला नाही.

"आज मामा बाहेर बसणार," दातांच्या डॉक्टरांनी जाहीर केलं. "आज वाढपी मी."

"डॉक्टर, तुमचा हात उपटण्याचा, ओतण्याचा नव्हे," मामा म्हणाले. "निदान फोरमनचा ग्लास मला भरू द्या. त्याचं प्रमाण मला ठाऊक आहे."

"त्यात कसलं आलंय प्रमाण? बाटली ही, ग्लास हा."

मामांना खांदे धरून खुर्चीत बसवलं. दुसऱ्या ग्लासाच्या वेळी ते पुन्हा उठले. पुन्हा बसवलं.

"सवय हो. म्हातारा बैल सोडला तरी घाण्याभोवतीच फिरतो," कोणीतरी म्हणालं. मामाही हसले, पण खुर्चीच्या टोकाशीच बसून राहिले.

फोरमननं घोट घेतला. "आज जरा कडक लागतेय."

"डॉक्टरांचा हात मोकळा आहे," डॉक्टर म्हणाले.

मग जुन्या गोष्टी निघाल्या. रात्रपाळी संपवून सगळे कसे इथं यायचे, एका गाडीत आठ जण कसे कोंबून जायचे, कोणाची स्कूटर कोणाच्या विहिरीच्या कठड्याला टेकून सापडली.

"आपल्या वेळच्या गाड्यांना घर माहीत असायचं," डॉक्टर म्हणाले. "घोड्यासारखं. मालक डुलक्या काढेना का, गाडी बरोबर दारात थांबायची."

"त्या गाड्यांचे मालक आमच्याकडे रोज येतात, काका," मुलगी म्हणाली. "गाडी थांबल्यावरच येतात."

"त्यांच्यात तुझ्या बापाला धरू नकोस. तो वेगळ्या मातीचा. पाच ग्लास पोटात, आणि गाडी सुतासारखी सरळ."

मुलीला माहीत होतं, ते खरं होतं. लहानपणी ती सरबत पीत याच टेबलापाशी बसायची. पाचवा ग्लास संपला की पुढच्या सीटवर चढायची. बाबा गिअर टाकताना तिचा हात आपल्या हाताखाली घ्यायचे. रस्त्यावर कुत्रं आडवं आलं, तर सावकाश थांबून त्याला वाट द्यायचे. आई मागं निवांत झोपलेली असायची.

पुढं शिकताना पाच ग्लासांचं काय होतं ते तिला कळलं. बाबा त्या शिक्षणात कुठंच बसत नव्हते. नशीब कधीतरी संपतं, एवढं मात्र ती विभागात रोज बघत होती. ती त्या गाडीत बसेनाशी झाली. बाबा घरी बाटली आणत नसत. ही आईची अट त्यांनी आई गेल्यावरही पाळली होती. क्लब मात्र सुटला नाही.

चौथ्या ग्लासाला फोरमन गाऊ लागला. तो कधी गात नसे. मग त्याचे डोळे भरले.

"बार जातोय ना," डॉक्टर म्हणाले. त्यांचेही भरले होते.

"बार गेला तर गेला," फोरमन म्हणाला. "गाडीही जातेय. पुढच्या आठवड्यात माणूस न्यायला येईल." तो मुलीकडे वळला. "एकदा बस गं. पुढं, तुझ्या जागेवर. घरापर्यंत फक्त."

"बाबा, मी टॅक्सी सांगितलीय."

"दोघंही टॅक्सीनंच जा," मामा म्हणाले. "गाडी राहू दे इथं, मी बघतो."

फोरमन हसला. "वीस वर्षांत कधी बोलला नाहीस आणि आज? का रे?"

मामांनी टेबलाकडे पाहिलं. "ऊन फार आहे."

सगळे हसले. मुलगी हसली नाही. ती मामांच्या समोर येऊन बसली.

"मामा, तुम्ही घेत नाही. तुम्हाला सगळं आठवत असतं. आणि तुम्ही माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीत. इथून निघताना बाबांचा कधी एकदा तरी तोल गेला होता?"

फोरमन निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा मामांकडे बघत होता. सगळा क्लब बघत होता. मामांनी रुमालानं ओठ पुसले.

"नाही," ते म्हणाले. "एकदाही नाही."

मुलीनं टॅक्सी रद्द केली.

फोरमनला किल्ली दुसऱ्या खेपेला लावता आली. "आनंदानं हात कापतोय बघ," तो म्हणाला. तिनं त्याच्या हाताखाली आपला हात सरकवला. गिअर पडला. हिरवी गाडी फाटकातून बाहेर पडून पुलाकडे वळली, आणि डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या.

मामा उभे होते.

वीस वर्षांपूर्वी एका दुपारी फोरमनची बायको मागच्या दारानं आत आली होती, कोणाला कधी कळू देणार नाही असं वचन तिनं मामांकडून घेतलं होतं, आणि त्या दिवसापासून कालच्या शनिवारपर्यंत मामांनी फोरमनच्या ग्लासात आल्याचा गार कोरा चहाच भरला होता.