तिरकी अळंबी

सेनेमने चिनाराच्या बुंध्यावरच्या अळंबीखाली तळहात धरला आणि तसाच ठेवला. घोड्याच्या खुराएवढी अळंबी, खुरासारखीच टणक. अशा अळंब्या तिच्या बापाने जन्मभर कापल्या, कुटल्या आणि चकमकीची ठिणगी धरायला विकल्या. अळंबीची खालची बाजू नेहमी जमिनीशी सपाट असते, हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. ही तिरकी होती. तिच्या वरचीही. यंदा फुटलेली पांढरी कड तेवढी सपाट होती.

म्हणजे झाड या हिवाळ्यात कललं होतं.

वर फांद्यांना दोर बांधून झाले होते. उद्या वसंताचा सण. गावातली पोरं इथे झोके घेणार, तान्ही खाली सावलीत निजणार.

वनखात्याच्या तरुण साहेबाने, ताय्लानने, बुंध्यात सुरा खुपसला. सुरा मुठीपर्यंत गेला.

"आत नुसता भुसा आहे," तो म्हणाला. "आज पाडलं नाही तर ते आपण होऊन पडेल. माझ्याकडे माणसं नाहीत. कुऱ्हाड तुम्हालाच घालावी लागेल."

"आमच्यातला एकही घालणार नाही." हा झेयनेल, गावचा मुखिया. बोलत होता साहेबाशी, पण बघत होता जमलेल्या गावाकडे. "किरमान बाबांचं झाड आहे, साहेब. बाबांनी धरून ठेवलंय."

"मग बाबांना सांगा, उद्या दोन्ही हातांनी धरा."

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मावशी," झेयनेल सेनेमकडे वळला, "वही काढ. साहेबांना ऐकव. यांच्या सरकारी कागदापेक्षा जुना कागद आहे आमच्याकडे."

वही सेनेमच्या शेल्यातच होती. वासराच्या जिभेसारखी लांबट, चामड्याच्या पुठ्ठ्याची. किरमान बाबा म्हणजे गावाचे जुने संतकवी; त्यांची कवनं त्यात जुन्या लिपीत होती, आणि ती लिपी वाचणारी गावात ती एकटीच उरली होती. नवऱ्याची नजर जाऊ लागली तेव्हा, पन्नाशीत, ती त्याच्याकडून अक्षरं शिकली होती.

तिने वही उघडली आणि वाचू लागली. वाचायची गरज कोणालाच नव्हती. सगळ्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

*उचलील जो या झाडावरी कुऱ्हाडीचा हात,*
*चूल त्याच्या घरची विझे त्याच एका रात्रीत.*

"ऐकलंत?" झेयनेल म्हणाला. "संपलं."

"संपलं नाही," सेनेम म्हणाली.

तिने पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं. कोपऱ्यात ओलीचा तपकिरी डाग, बाकी काही नाही. तिने वही छातीशी ओढून घेतली.

"अजून एक कडवं आहे."

"आजवर नव्हतं ते?"

"आजवर तुम्ही ऐकायला थांबलात कधी? इथवर आलं की नाचायलाच उठता."

बायका हसल्या. झेयनेल हसला नाही. "वाच मग."

नवऱ्याला सेनेम कडवी रचताना ऐकत आली होती. स्वतः कधी एक ओळ रचली नव्हती. तिने डागावर बोट ठेवलं आणि ते हळूहळू सरकवू लागली.

*उभा होतो तुमच्यासाठी, पाय आता थकले,*
*तान्ही लेकरं दुसऱ्या कुठल्या सावलीला निजवा.*

ती थांबली.

"नाव?" झेयनेलने विचारलं. "शेवटी रचणाराचं नाव येतं. नाव कोणाचं आहे, मावशी?"

सगळे थांबले होते. वर एक रिकामा झोका हलत होता. वारा नव्हता.

*किरमान म्हणे, हलक्या हाताने मला खाली घ्या,*
*उद्याची चूल माझ्याच लाकडावर पेटवा.*

एका म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. कोणीतरी दोर सोडायला पुढे झालं. झेयनेलचा मुलगा इल्यास कधीच कुऱ्हाड घेऊन बुंध्यापाशी उभा राहिला होता.

"बाबांनी सांगितलं ना," तो म्हणाला, "मग पहिला घाव माझा."

"थांब!" सेनेम इतक्या मोठ्याने ओरडली की तो दचकला. "तू नको. कुऱ्हाड इकडे दे."

"तुला पेलणार नाही, आजी."

"पेलेल. तुझ्या घरात चाळीस दिवसांचं पोर आहे."

"असू दे की. बाबांनीच तर..."

"दे म्हणते ना!"

झेयनेल तिच्याकडे बघतच राहिला. "मावशी, बाबांची परवानगी आहे. मग पहिला घाव तूच कशाला?"

कुऱ्हाड धरायला दोन्ही हात लागणार होते. तिने वही होती तशी, उघडीच, त्याच्या हातात दिली.

झेयनेलला ती लिपी वाचता येत नव्हती. त्याने पान पाहिलं. मग अंगठ्याने तो डाग एकदा पुसून पाहिला. इल्यास त्याच्या खांद्यावरून डोकावायला गेला, तशी त्याने वही मिटली आणि सदऱ्याच्या आत खोल सारली.

"मागं सरा सगळे," तो म्हणाला. "पोरांना घेऊन जा."

सेनेमने कुऱ्हाड उचलली आणि घातली. आवाज झालाच नाही. ओल्या मातीत रुतावं तसं पातं दांड्यापर्यंत आत गेलं. तिने ओढलं. निघेना. तिने पाय बुंध्याला टेकवून पुन्हा ओढलं.

झेयनेल तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"तू नको," ती पुटपुटली. "तुझ्या घरी पाळणा आहे. हात लावू नको."

"ओढ, मावशी," तो म्हणाला, आणि त्याने तिच्या हातांना लागून दांडा धरला.