हात लागलेलं पिल्लू

चिंध्यांच्या टोपलीत काहीतरी वळवळलं आणि बबडी किंचाळली, “आई, पिल्लू!”

टेलरबाईंनी मशीन थांबवलं. दुकानाच्या पाटीमागे चिमणीचं घरटं होतं, तिथूनच पडलं असणार. पंख अजून फुटायचे होते. नुसती चोच आणि पोट. बबडीनं ते ओंजळीत उचललंही.

“वर ठेवूया ना परत?”

“नको. माणसाचा हात लागला की आई घेत नाही मग.”

“मग आता आपणच त्याची आई!” बबडी खूश.

दुसरीतली ही पोर म्हणजे बाईंचा जीव की प्राण. शाळेत सोडायला त्या, आणायलाही त्याच; सहलीला म्हणून कधी पाठवलं नाही. गल्ली हसायची. हसेना का.

तासाभरात पिल्लू मलूल झालं. काही केल्या चोच उघडेना. बबडीनं रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा बाई तिला घेऊन कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टर म्हातारे आणि भारी बोलघेवडे. “काय गं रडूबाई, हे नकटं नाक कुणाचं घेतलंस? आईचं तर नाही!”

“वडिलांवर गेलीय,” बाई घाईनं म्हणाल्या. “पिल्लाचं बघता ना?”

“मी काय बघू? याला आई हवी. घरट्यात ठेवा.”

“पण हात लागलाय...”

“हात लागला म्हणून कुठली आई पिल्लू टाकते हो? काहीतरीच! शोधत असेल बिचारी.”

बाईंनी पिल्लू उचललं आणि बबडीचा हात धरून त्या तडक दुकानाकडे निघाल्या.

शिडी लावून त्यांनी पिल्लू घरट्यात ठेवलं. मग दोघी समोरच्या पायरीवर बसल्या. येऊ नकोस, बाई मनात म्हणत होत्या. स्वतःचीच लाज वाटली, तरी म्हणत राहिल्या.

चिमणी आली. चोचीत अळी होती. पाटीमागून चिवचिवाट झाला.

“घेतलं! आई, त्याच्या आईनं घेतलं त्याला!”

बाईंनी तिला पोटाशी धरलं, इतकं घट्ट की पोर “दुखतंय” म्हणाली. मग त्या आत गेल्या. सात वर्षांपूर्वी पेपरात छापून आलेला एक नंबर त्यांना पाठ होता. लावला कधीच नव्हता.

पलीकडे एका बाईनं फोन उचलला.

“बागेतल्या बाकावरून तुमचं बाळ उचलून नेलं, ती मी,” टेलरबाई म्हणाल्या. “सुखरूप आहे. न्यायला या.”