शिवशंकरची म्हैस

मॅडमनी फळ्यावर 'फोम' लिहिलं. "फोम म्हणजे फेस. कुठं कुठं बघितलाय, सांगा."

"बाबाच्या दाढीला, मॅडम!"

"कॉफीवर. लातूरला."

"भांडे घासताना!"

ऋतुजानं मान खाली घातली. परवा प्रार्थनेत तिला फिट आली होती आणि तिच्या तोंडाला आलेला फेस सगळ्या वर्गानं पाहिला होता. आज कोणी ते काढलंच, तर उद्यापासून शाळेत पाऊल टाकायचं नाही, असं ती घरूनच ठरवून आली होती.

मॅडमनी शिवशंकरला उठवलं. हा तर वर्गाचा नकलाकार. मागून कोणीतरी खिदळलं, "शिवा, परवाचं करून दाखव की रे!"

शिवशंकर पुढं आला. त्यानं एकवार ऋतुजाकडं बघितलं आणि फळ्यापाशी उकिडवा बसला. गुडघ्यांत नसलेली चरवी धरून तो धार काढू लागला. मध्येच शेपटीचा फटकाही खाल्ला.

"आमची म्हैस हाय, मॅडम. चरवीत लई फेस येतो!"

वर्ग हसून लोळला. ऋतुजाही हसली.

शिवशंकरच्या घरी म्हैस नाही, हे वर्गात फक्त तिलाच ठाऊक होतं. रोज सकाळी तो किटली घेऊन दुधाला तिच्याच गोठ्यावर यायचा.