वकिलातीतला मुलगा

‘सध्या मी वकिलातीत आहे. राहणं-जेवण इथंच. शाळेचा दाखला लवकर पाठवा.’ आखातातून युनूसचं एवढंच पत्र आलं आणि पोरगा सरकारी नोकरीला चिकटला म्हणून वजीरभाईंनी पिंपरीतल्या आपल्या गॅरेजात पेढे वाटले. युनूसच्या आईला, झुलेखाला, मात्र चार दिवस घास गोड लागेना. शेवटी ती पत्र घेऊन संत तुकाराम नगरात त्याच्या शाळेतल्या अरुंधतीबाईंकडे गेली.

“बाई, वकिलात म्हणजे नेमकं काय?”

“परदेशातली आपल्या सरकारची कचेरी. तिथं अडलेल्या आपल्या माणसांचं बघते.”

“नोकरीला दाखला लागतोच, असं हे म्हणतात. पण पासपोर्ट असताना दाखला कशाला मागतील?”

बाईंनी पत्र पुन्हा वाचलं. मग चष्मा काढला.

“पासपोर्ट मालकानं काढून घेतला असेल. अशा माणसाला दुसरीकडे थारा नसला, तर घरी धाडेपर्यंत वकिलात ठेवून घेते.”

झुलेखानं पत्राची घडी घातली.

“मला वाटलंच होतं. दाखला तेवढा आजच द्या, बाई. आणि आमच्या ह्यांना काही बोलू नका. पेढे खाऊन झालेत सगळ्यांचे.”