शेजाऱ्यांना गॅस द्यावा का?

कुमुदचं पत्र दिवाळीआधी आलं होतं. होळी आली तरी त्र्यंबकरावांनी उत्तर दिलं नव्हतं.

"दादा, आपला गॅस शेजारच्या देशाला विकणार आहेत. पाइपलाइन माझ्या काजूच्या बागेतून जाईल. तू या विषयावर पुस्तक लिहिलंस, तर सांग, संमती देऊ का?"

पुस्तकात त्यांनी निर्यातीची बाजू घेतली होती. परकीय चलन येतं, शेजारी आपल्याशी बांधला जातो. आता पुन्हा वाचताना विरोधातले मुद्देही तितकेच पटले. आपल्याच कारखान्यांना गॅस पुरत नाही, आणि उद्या शेजाऱ्याशी बिनसलं तर? एका मसुद्यात त्यांनी 'दे' लिहिलं, दुसऱ्यात 'देऊ नकोस'.

"अहो, पुढच्या आठवड्यात तिला सही करायचीय," बायको म्हणाली. "तुमचं ठरेपर्यंत बागेत पाइप पुरून त्यावर गवतही उगवेल."

त्र्यंबकराव ओशाळले. त्यांनी नवा कागद घेतला.

"कुमुद, देशाचं भलं कशात आहे, हे मला पुस्तक लिहूनही कळलेलं नाही. माझ्या भरवशावर बाग देऊ नकोस. तुला पटलं तरच दे."

कोपऱ्यावरच्या पेटीत त्यांनी पत्र टाकलं. ते आत पडल्याचा आवाज आला, आणि लगेच त्यांना वाटलं, नुसतं 'दे' लिहिलं असतं तर बरं झालं असतं का?